चैतरामच्या नावाची शिशी

“चैतरामजी, तुमच्या रक्तात रेघ आली आहे,” असं उमाबाई म्हणाल्या आणि ऐकल्याबरोबर चैतरामला पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर सुटल्यासारखं वाटलं. कारण ते रक्त त्याचं नव्हतंच. शिशीवर नाव त्याचं होतं, वय त्याचं होतं, वॉर्ड त्याचा होता, पण आतलं रक्त त्याच्या बायकोचं, अंजनाचं होतं. हे त्याला आधी आठवलं, आणि अंजनाचं होतं म्हणजे काय, हे मागाहून कळलं. या दोन्हींच्या मध्ये डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ तो सुखावला होता. त्या सुखाची शरम मात्र दिवसभर त्याच्या मानगुटीवर बसून राहिली. समोर उमाबाई बोलत होत्या आणि तो “हौ जी, हौ जी” म्हणत होता. पार्सलबाबूच्या नोकरीत कोणी काही सांगायला लागलं की मान हलवायची सवय जडते, तशी ती आताही हलत होती.

उमाबाई म्हणजे शरदचंद्र वकिलांची मुलगी. नागपूरला डॉक्टरकी शिकून आली आणि बापाच्याच घरातल्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटून बसली. लग्न करत नाही म्हणून वकीलवाड्यात कुजबुज होती, पण पोरीच्या हाताला गुण होता, त्यामुळे कुजबुजणाऱ्या बायाच तिच्याकडे रांग लावत. दोन वर्षांमागे वॉर्डात काविळीची साथ आली होती. घरोघरी पिवळे डोळे आणि उसाचा रस. चैतरामही त्यात सापडला होता. त्या साथीत ज्यांना कावीळ झाली त्या सगळ्यांचं रक्त घ्यायचं आणि नागपूरला आपल्या सरांकडे तपासायला धाडायचं, असं उमाबाईंनी मनावर घेतलं होतं. तिथं म्हणे काचेच्या पट्टीवर साबुदाण्याच्या खिरीसारखं काहीतरी थिजवतात, त्याला दोन भोकं पाडतात, एका भोकात रक्तावर सुटलेलं पाणी, दुसऱ्यात औषध, आणि मग त्यातून वीज सोडतात. रक्तात ती विशिष्ट चीज असेल तर दोन्हींच्या मध्ये केसाएवढी पांढरी रेघ उमटते. नसेल तर काहीच उमटत नाही. “चांगल्या मोठ्या माणसाच्या रक्तात ही रेघ सापडायला नको,” उमाबाई म्हणाल्या. “सापडली तर लिव्हरमध्ये गाठ धरत असल्याचा संशय घ्यावा लागतो. कॅन्सरची गाठ. पण ऐका, घाबरून जाऊ नका. हाताला गाठ लागेपर्यंत थांबलो तर डॉक्टर काही करू शकत नाही. रक्तातच दिसली तर कापून काढायला वेळ मिळतो. तुमची रेघ अगदी फिकट आहे. म्हणजे आपण लवकर गाठलंय. सोमवारच्या गाडीनं नागपूरला निघायचं, सोबत कोणाला तरी घ्या.” चैतराम म्हणाला, “हौ जी.” आणि टोपी विसरून बाहेर पडला.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? सांगायला तोंड उघडलंही होतं त्यानं. पण ‘ते माह्यं नव्हतं, सरिताच्या मायचं होतं’ एवढं वाक्य जुळवताना त्याच्या ध्यानात आलं की हे बोललं की तो शब्द आपल्यावरून उचलून अंजनावर ठेवावा लागणार. आपल्या हातानं. आणि तेवढा हात काही त्याचा उठला नाही. स्टेशनकडे चालता चालता त्याला वाटलं, आपण मूग गिळून बसलो तर काय होईल? सोमवारी आपण नागपूरला जाऊ, ते आपलं पोट दाबतील, फोटो काढतील, काही निघणार नाही, आणि इकडं घरी अंजनाच्या पोटात ती गाठ निवांत वाढत राहील. राइस मिलच्या धुराड्यातून कोंडा उडत होता, नव्या तांदळाचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता, आणि तो झपाझप चालत राहिला.

घडलं होतं ते असं. महिन्याभरापूर्वी एका सकाळी उमाबाईंचा कंपाउंडर भोजराज हातात पेटी घेऊन दारात आला होता. चैतरामचं घर त्याच्याकडून दोनदा सुटलं होतं आणि उमाबाईंनी त्याला झापलं होतं. भोजराजची हाक ऐकू आली तशी चैतराम चहाची बशी तशीच ठेवून मागच्या न्हाणीत शिरला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. सुईचं भेव म्हणून, असं तो स्वतःशीही म्हणायचा. बाहेर अंजना सांगत होती, “ते ड्यूटीवर गेले.” भोजराज म्हणाला, “वयनी, ड्यूटीवर गेलेला मानूस आत्ता मांगं खोकलला.” मग अंजना म्हणाली, “माह्यं घेऊन घ्या ना भाऊजी. एका चुलीवरचं खाऊन राह्यलो इतके वर्स. त्याहिच्यात न माह्यात काय फरक राहनार हाय?” भोजराजही थकला होता. नाव लिहिलेली चिठ्ठी आधीच शिशीला डकवलेली होती. त्यानं वहिनीचा हात धरला, सुई टोचली, शिशी भरली आणि चहा पिऊन गेला. न्हाणीत उभ्या चैतरामला हे सगळं ऐकू आलं होतं. बाहेर आल्यावर अंजना कोपरात दुमडलेला हात घेऊन बसली होती आणि हसत होती. “या बाहेर, गेला वाघ,” असं ती म्हणाली. तोही हसला होता. आणि आता तो भोजराजसुद्धा पोरीच्या लग्नासाठी लांजीला गेलेला. म्हणजे हे माहीत असलेला, आणि त्याचा अर्थही माहीत असलेला, जगात चैतराम एकटा.

पार्सल ऑफिसात पानाच्या टोपल्या आल्या होत्या. गोंदियाची लहान गाडी धापा टाकत येऊन उभी राहिली, गेली. चैतराम टोपल्यांवर पाणी शिंपडत राहिला. सुईचं भेव ही नुसती वरची गोष्ट होती, हे त्याला आज स्वतःपासून लपवता येईना. किरनापूरला त्याचा बाप असाच गेला होता. आधी जेवण कमी झालं, मग डोळे पिवळे झाले, मग हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं वाढत गेलं. मायनं नजर उतरवली, झाडपाला वाटून दिला, परसवाड्याच्या वैद्याकडे बैलगाडीनं नेलं. काय झालं होतं ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. बाप मात्र उजव्या बरगडीखाली हात ठेवून पडलेला असायचा आणि चैतरामला जवळ बोलावून म्हणायचा, “येथं पाह्य बरं, दगड लागते का?” तरुण चैतराम हात लावायचा आणि ‘नाही जी’ म्हणायचा. दगड लागायचा. तेव्हापासून रोज आंघोळीच्या वेळी साबणाच्या निमित्तानं चैतरामचा हात स्वतःच्या उजव्या बरगडीखाली जाई आणि चटका बसल्यासारखा परत येई. रक्त देणं म्हणजे तो हात तिथंच ठेवणं होतं. त्याला ते नको होतं. जे आहे ते असू दे, पण मला सांगू नका, अशा मतलबानं तो न्हाणीत शिरला होता. आणि त्याच्या जागी जिनं हात पुढं केला, तिलाच ते निघालं. काय म्हणायचं याला? माणूस स्वतःच्या मरणाला चुकवून पळाला तर ते घरातल्या दुसऱ्या माणसाच्या पुढ्यात जाऊन बसतं का? असं काही नसतं हे त्याला कळत होतं. देव, नशीब, मागच्या जन्मीचं, हे सगळं त्यानं छपन्न साली नागपूरला सोडलं होतं. दोन वर्षांची लेक सरिता त्याच्या खांद्यावर होती, पांढऱ्या लुगड्यातली अंजना त्याचा सदरा धरून गर्दीतून चालत होती, आणि घरी परतल्यावर ती म्हणाली होती, “आता कोनाले भेवाचं काम नाही.” ती तेव्हापासून खरंच कोणाला भ्याली नाही. भेव सगळं त्याच्याच वाट्याला आलं होतं.

संध्याकाळी तो घरी गेला आणि दारातच थांबून बायकोकडं पाहत राहिला. कितीतरी दिवसांत त्यानं तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांनी कोण पाहतं? ती घरात असते, तिचा आवाज असतो, ताट पुढं येतं. आता पाहिलं तर एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहायला लागली. पावसाळ्यात ती सकाळी सकाळी ओकायची. तो म्हणाला होता, नदीचं पाणी गढूळ आलं असेल. मग तिला फोडणीचा वास सहन होईना, म्हणून बरेच दिवस घरात नुसता भात आणि वरण. मग दुपारी आडवी व्हायला लागली, जी बाई कधी दिवसा पाठ टेकायची नाही. पाय सुजत होते. चेहऱ्यावर काळपट छटा आली होती. आणि पोट. लुगड्याच्या निऱ्या तिनं सैल सोडल्या होत्या, पण खाली वाकून कंदिलाची काच पुसताना ते पोट त्याला स्पष्ट दिसलं. हातपाय बारीक आणि पोट तेवढं. अगदी बापासारखं. चैतराम उंबऱ्यावरच बसला.

“अवो, असे काहून बसले?” अंजना म्हणाली. “टोपी कोठी हाय?”

“राह्यली.”

“कोठी राह्यली?”

ती सुपातले तांदूळ निवडत होती आणि निवडता निवडता चिमूटभर तोंडात टाकत होती. कच्चे तांदूळ. गेले कितीतरी दिवस हेच चाललं होतं. कच्चे तांदूळ खाल्ले की कावीळ होते असं त्याची माय म्हणायची. एवढं आठवलं आणि तो उठला आणि त्यानं तिच्या हातातलं सूपच हिसकलं. अर्धे तांदूळ खाली सांडले. अंजना त्याच्याकडे पाहत राहिली. लग्नापासून या माणसानं तिच्या हातातून काही हिसकल्याचं तिला आठवत नव्हतं.

“खाऊ नोको,” तो म्हणाला.

“मूठभर तांदूळ खाल्ले त तुमच्या पोटात काहून दुखून राह्यलं?”

“मी सांगतो ना, खाऊ नोको.”

“मले वाटते त मी खाईन,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. हीसुद्धा नवीनच गोष्ट. अंजना रडणारी बाई नव्हती. हल्ली मात्र शेजारच्या गायीचं वासरू ओरडलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग चैतराम खाली बसला आणि दोघांनी मिळून तांदूळ वेचले. जेवणं झाल्यावर त्यानं भांडी उचलली आणि मोरीवर जाऊन घासायला बसला. अंजना दारात येऊन उभी राहिली. पुरुषमाणसानं भांडी घासलेली शेजारच्या मैदानातून दिसत होती, म्हणून तिनं आधी पदर तोंडाला लावला, मग मागचं दार ओढून घेतलं. “मैनाबाई भेटल्या का तुमाले?” तिनं विचारलं. मैनाबाई म्हणजे चैतरामची थोरली बहीण. परसवाड्याला असते. “ठेसनावर आल्या होत्या का?”

“नाही. काहून?”

“काही नाही,” असं म्हणून ती आत गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर थोडी खुशी आणि थोडा राग, असं काहीतरी होतं. चैतरामनं ते पाहिलं आणि त्यातून एवढंच काढलं की तिला बहुतेक आपलं आपणच कळलंय, आणि नणंदेला सगळं सोपवून मोकळं व्हायचंय. राखेनं भरलेल्या हातांनी तो मोरीवर बसून रडला. नळ चालू होता म्हणून बरं.

सकाळी तो म्हणाला, “चाल, डॉक्टरीनबाईकडे जाऊन येऊ.” अंजनानं कशाला म्हणून विचारलं नाही. तिनं चांगलं लुगडं काढलं, केसांना तेल लावलं, आणि वाटेत पानवाल्या दुर्गाबाईच्या ठेल्यासमोरून जाताना दुर्गाबाई नेहमीपेक्षा जास्त हसली. चैतरामला त्या हसण्याचा राग आला. सगळं जग पान चघळत हसत उभं आहे आणि आपण एका चांगल्या बाईला कुठं घेऊन चाललोय, असं त्याच्या मनात येत होतं. ती सावकाश चालत होती. तो तिच्यासाठी थांबत होता, पुन्हा पुढं जात होता, पुन्हा थांबत होता. नागपूरला नेतील. पोट चिरतील. लवकर सापडलं म्हणतात, तर जगेलही. जगलीच पाहिजे. या बाईशिवाय आपल्याला घरात चहाची पत्ती कुठं ठेवलीय तेही माहीत नाही, आणि चहाचं सोडा, रात्री झोपताना कोणाला सांगायचं की आज गाडी उशिरा आली? त्याच्या हे पहिल्यांदाच ध्यानात आलं की आपण इतकी वर्षं रोज गाडी उशिरा येण्याची गोष्ट फक्त हिला सांगण्यासाठी घरी नेत आलोय. हे तिला आत्ताच्या आत्ता सांगावं असं त्याला वाटलं. त्यानं तोंड उघडलं, आणि म्हणाला, “रस्ता पाहून चाल.”

दवाखान्यात अंजनाला बाहेरच्या बाकावर बसवून तो एकटाच आत गेला. उमाबाईंनी त्याची टोपी टेबलावर काढून ठेवली होती.

“बाई, ते रक्त माह्यं नव्हतं,” तो म्हणाला. एकदा सुटलं तसं मग सगळंच बाहेर पडलं. न्हाणी, खोकला, भोजराज, एका चुलीवरचं रक्त. उमाबाई ऐकता ऐकता उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण चैतरामला ते चढण्यापेक्षा जड गेलं. “तुम्हाला कळतंय का काय केलंत? सोमवारी नागपूरला तुमचं पोट उघडायची तयारी सुरू झाली असती. आणि जिचं रक्त ती इथं घरी. भोजराजला तर मी बघतेच. आणि तुम्ही एक महिना तोंडात गुळणी धरून बसलात?”

“हौ जी. चुकलंच. पन आता तिले पाहा. नागपूरले तिले न्या, बाई. मी पायजे त घर विकतो.”

“कोणाला न्या? रक्त कोणाचं होतं, ते तरी नीट सांगा.”

“घरच्याइचं. अंजनाचं.”

“अंजनाबाईंचं,” उमाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. त्यांनी दाराच्या फटीतून बाहेर बाकाकडं पाहिलं. बाकावर अंजना मागं हात टेकून, पाय थोडे फाकवून, निवांत बसली होती. उमाबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी चैतरामला विचारलं, “वय काय यांचं?” चाळिशी झाली असं तो म्हणाला. “बाहेर बसा तुम्ही,” त्या म्हणाल्या. “त्यांना आत पाठवा.”

आता चैतराम त्याच बाकावर. तिच्या अंगाची ऊब अजून लाकडात होती. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग उमाबाई काहीतरी हळू विचारताना ऐकू आलं, अंजना त्याहून हळू काहीतरी सांगत होती. मग पुन्हा काही नाही. आणि मग एकदम आतून हसू आलं. आधी उमाबाईंचं, आणि मग, त्याला आपल्या कानांवर विश्वास बसेना, अंजनाचं. पोटभर हसत होती. त्याला वाटलं, बायका असल्या वेळी अशा हसतात का? बाप जाताना तर घरात कोणी हसलं नव्हतं. त्याला राग आला, मग भेव वाटलं, मग काहीच वाटेना. दार उघडलं आणि उमाबाई म्हणाल्या, “या आत.”

अंजना भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली होती. पदर पार डोळ्यांपर्यंत. उमाबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या आणि हसू आवरत होत्या.

“चैतरामजी, तुमच्या घरी एक रीत आहे म्हणे. एक विशिष्ट बातमी बायको नवऱ्याला स्वतः सांगत नाही. सासू सांगते. सासू नसेल तर थोरली नणंद. खरं का?”

त्याला काही उमगेना. मग कुठूनतरी खोलातून मायचा आवाज आला. किरनापूरहून डबा घेऊन माय स्टेशनावर आली होती, चैतराम नुकता नोकरीला लागलेला, आणि सगळ्या हमालांसमोर, स्टेशनमास्तरसमोर, डबा खिडकीत ठेवता ठेवता तिनं सांगितलं होतं की सून आता दोघांचं जेवते. सरिताच्या वेळी. नंतर एकदा मुलाच्या वेळीही तिनंच सांगितलं. तो मुलगा फार जगला नाही, आणि त्यानंतर सांगण्यासारखं काही झालंच नाही. आता माय जाऊन चार पावसाळे झाले होते.

“तुमच्या आई नाहीत,” उमाबाई म्हणाल्या. “नणंदबाईंना यांनी दोनदा निरोप धाडला, या आणि भावाला सांगा म्हणून. त्यांच्याकडे धानाची मळणी. त्या काही आल्या नाहीत. सगळ्या वॉर्डातल्या बायकांना माहीत आहे, पण सांगायचा मान कोणाचाच नाही. तेव्हा यांनी आत्ता हे काम माझ्यावर टाकलंय. माझं लग्नही झालेलं नाही, आणि मी यांच्यापेक्षा लहान आहे. पण म्हणतात, तुम्ही शिकलेल्या, तुमचं चालतं. तर ऐका. तुमच्या घरी मूल येतंय. सहावा संपत आलाय.”

चैतराम उभाच होता. खुर्ची जवळ होती, पण बसायचं असतं हे त्याला सुचलं नाही.

“मंग रेघ?” तो म्हणाला.

“ती रेघ त्या मुलाची आहे. ही जी चीज आपण रक्तात शोधतो ना, ती पोटातलं बाळ बनवतं. बाळाकडून ती थोडी आईच्या रक्तात येते. मूल जन्मलं की हळूहळू बंद होते. मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये वाईट गाठ धरली की ते लिव्हर पुन्हा तेच बनवायला लागतं, म्हणून आम्हाला त्याची भीती. शिशीवर पुरुषाचं नाव, तर सर तरी दुसरं काय समजणार? मी यांचं पोट नीट तपासलंय. डोळे स्वच्छ आहेत, लिव्हर लागत नाही, बाळ चांगलं लाथा मारतंय. बाळंतपणानंतर खात्रीसाठी आणखी एकदा रक्त बघू. रेघ गेलेली असेल.”

चैतरामला आपल्या आत काहीतरी खालून वर चढत येताना कळत होतं, आणि ते हसू आहे की रडू हे ठरत नव्हतं. शेवटी दोन्ही एकदमच आलं. त्यानं टेबलावरची टोपी उचलली आणि त्या टोपीनंच तोंड पुसलं. ओकाऱ्या, सुजलेले पाय, तांदूळ, दुर्गाबाईचं हसणं, सगळं डोळ्यांसमोर तसंच होतं. त्यातलं काहीच बदललं नव्हतं, फक्त कालपासून ज्या पोटात त्याला मरण दिसत होतं, तिथं कोणीतरी लाथा मारत होतं. आणि तो स्वतः एवढा मोठा मूर्ख होता. आपण मूर्ख आहोत याचा इतका आनंद आयुष्यात त्याला कधी झाला नव्हता.

“मले वाटे तुमाले दिसून राह्यलं असन,” अंजना भिंतीलाच सांगत होती. “इतकं मोठं पोट. मंग वाटे, या वयात हे काय म्हनून तुमी गप बसले. सरिताले आपलं लेकरू व्हाची वेळ, न तिच्या मायलेच... मले लय राग येऊन राह्यला होता तुमचा. मंग काल भांडे घासले तुमी. मी म्हनलं, सांगतलं असन मैनाबाईनं.”

“मले वाटलं, तू मरते,” चैतराम म्हणाला.

अंजना भिंतीकडून वळली. पदर खाली आला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि हा माणूस काल उंबऱ्यावर का बसला होता, सूप का हिसकलं, हे सगळं एकामागून एक तिच्या चेहऱ्यावर उतरताना दिसलं. तिनं फक्त स्टुलावरच थोडं सरकून त्याला जागा करून दिली. लहानसं लोखंडी स्टूल, दोघं बसण्यासारखं नव्हतंच. तो तिच्याजवळ उभा राहिला.

उमाबाई पेटीतून काहीतरी काढत होत्या. स्पिरिटचा वास आला आणि चैतरामच्या अंगावर जुना काटा उभा राहिला. “आता खरा प्रश्न राहिला,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “चैतरामजींच्या रक्तात काय आहे, ते अजून कोणालाच माहीत नाही.” खोलीला दोन दारं होती आणि दोन्ही उघडी होती. अकराची गाडी यायची वेळ झाली होती, ड्यूटी होती, पार्सलं होती, निमित्तांना तोटा नव्हता. उजव्या बरगडीखाली बापाचा दगड त्याला आताही जाणवला, किंवा जाणवल्यासारखा वाटला. हे मूल मुलगी असो की मुलगा, शाळेत जाईपर्यंत आपण साठीकडं पोचणार, हा विचार त्याच्या मनात आला. मुलाला खांद्यावर घ्यायला खांदा राहिला पाहिजे. काही निघायचं असेल तर आत्ताच निघू दे, फिकट असतानाच निघू दे, म्हणजे कापून काढता येईल. असलं काही मागायची वेळ आपल्यावर येईल असं त्याला कालपर्यंत कोणी सांगितलं असतं तर तो पुन्हा न्हाणीतच शिरला असता. त्यानं सदऱ्याची बाही वर केली. अंजनानं त्याचा दुसरा हात धरला. तिचा हात गरम होता.

“भेव लागते?” तिनं विचारलं.

“लागते ना,” तो म्हणाला. “घ्या बाई.”

उमाबाईंनी दंडाला रबर बांधलं, नस चाचपली आणि नवी शिशी जवळ ठेवली. तिच्यावर अजून चिठ्ठी नव्हती. “तिकडं भिंतीकडं बघा,” त्या म्हणाल्या. “बघितलं की जास्त दुखतं.”

“नाही जी,” चैतराम म्हणाला. “पाहू द्या. या खेपेले माह्यंच हाय.”